सुतावरून ब्रेक

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागच्या माणसाला एकच प्रश्न येतो आणि तो विचारल्याशिवाय तो मान वर करत नाही. "कुठल्या गाडीचा?" प्रश्न सोपा आहे. रिक्षावाले, ट्रॅक्टरवाले एका शब्दात उत्तर देतात, वस्तू पिशवीत टाकतात आणि जातात. मी आवंढा गिळतो. मला ब्रेकचा मास्टर सिलिंडर हवा असतो आणि माझी गाडी कुठली हे सांगेपर्यंत दुकान बंद व्हायची वेळ येते.

"फार्गो," मी म्हणतो.

"कुठली कंपनी म्हणायची ही?"

"क्रायस्लर. म्हणजे डॉजच, नाव फक्त फार्गो. बनवली प्रीमियरनं, कुर्ल्यात."

"मग पद्मिनी म्हणा की सरळ!"

"पद्मिनी नव्हे हो, पिकअप आहे, जुना ट्रक. पण पुढच्या डिस्क बोलेरोच्या बसवल्यात. मागचे ड्रम मूळचेच. इंजिन एका जीपचं, डिझेल."

स्थळाच्या चौकशीला आलेल्या माणसाला मुलाची चार आडनावं सांगितली तर त्याचा जसा चेहरा होईल, तसा दुकानदाराचा होतो. तो माझ्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाकडे बघतो आणि विचारतो, "तुमचं काय?"

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. त्यामुळे गाडीची वंशावळ सांगायची मला खोड आहे; ऐकायची हौस मात्र अजून कुणात आढळलेली नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि क्रायस्लरच्या सहकार्यानं कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ तयार होऊ लागल्या. क्रायस्लरची गंमत अशी की एकच ट्रक ते कुठे डॉज, कुठे फार्गो, कुठे डिसोटो म्हणून विकत. फरक मुख्यतः नाकावरच्या अक्षरांचा. त्यातलीच 'फार्गो' ही अक्षरं घेऊन माझा पिकअप सासऱ्यांच्या गुऱ्हाळामागे बाभळीखाली वर्षानुवर्षं उभा होता. लग्नात मी काहीही मागितलं नव्हतं, ते लक्षात ठेवून सासऱ्यांनी पुढे स्वतःहून तो माझ्या दारात पाठवला.

सध्या गाडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका वस्तादच्या गॅरेजमध्ये आहे. उद्यमनगरात "मिळत नाही" असं कुणी म्हणत नाही, "करून देतो की" म्हणतात. यातला धोका फार उशिरा कळतो. करून देणारे चार असले की वस्तूही चार प्रकारे होते, आणि चौघांपैकी प्रत्येक जण आधीचं काम बघून एकाच वाक्यानं सुरुवात करतो: "हे कुणी केलंय ओ?" वस्तादनं हे वाक्य एकदा स्वतःच्याच वेल्डिंगकडे बघून म्हटलं होतं. ते त्याचंच आहे हे सांगितल्यावर त्यानं पुन्हा निरखून पाहिलं आणि म्हणाला, "तसं वाईट न्हाई."

गाडीची मूळ व्यवस्था अशी होती: मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसीला. तेल घालायचं तर मॅट उचलायची, पत्र्याचं झाकण काढायचं, भोकात हात घालून अंदाजानं बूच फिरवायचं. बूच उघडलं की मॅटखालची पन्नास वर्षांची धूळ आधी आत जाते, तेल मागाहून. वस्तादला आमच्या सिलिंडरमध्ये गुळाचा खडा सापडला. तो गूळच होता असं त्याचं म्हणणं आहे. चाखून कुणी पाहिलं नाही. शिवाय सगळं काम एका कप्प्यावर. चारपैकी एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस मोटारींना दोन कप्प्यांचा सिलिंडर सक्तीचा झाला तो यासाठीच. पुढचं गेलं तरी मागचं राहतं. मला असा दोन कप्प्यांचा सिलिंडर आणि त्याला साजेसं पॅडल, एवढंच हवं होतं. मी याला खरेदी समजत होतो. तो परिसंवाद निघाला.

पहिले वक्ते जुन्या गाड्यांचे एक शौकीन. त्यांना दोन कप्पे ऐकूनच क्लेश झाले. "मूळ गाडीला एकच कप्पा होता. तुम्ही इतिहासाशी खेळताय," ते मला म्हणाले. मला!

"अहो, पण ब्रेक फेल झाला तर?"

"झाला तर तोही ओरिजिनलच होईल."

त्यांची स्वतःची गाडी पोर्चमध्ये कव्हरखाली असते आणि कव्हर फक्त धुण्यासाठी निघतं. म्हणजे कव्हर धुण्यासाठी.

दुसरे वक्ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका. गॅरेजसमोरच्या चहाच्या टपरीवरची प्लास्टिकची खुर्ची त्यांच्या नावावर असल्यासारखीच आहे. एसटीला हवेचा ब्रेक, त्यामुळे तेलाच्या ब्रेकला ते ब्रेकच मानत नाहीत. "पाय काढला की फुस्स झालं पाहिजे. आवाज नाही तर ब्रेक लागला हे कळायचं कसं?" मी म्हटलं, गाडी थांबते त्यावरून कळतं. यावर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आणि तसं विचाराल तर मी ब्रेक कधी वापरलाच नाही. करूळ घाट भरल्या गाडीनं गिअरवर उतरायचो."

"मग हवेचा तरी कशाला हवा होता?"

"स्टँडात लावायला."

करूळ घाट हा या सगळ्या चर्चेचा कायमचा मुक्काम आहे. कोणताही मुद्दा काढा, तो गगनबावड्याहून खाली उतरू लागतो. "घाटात एवढ्याशा पॅडलवर पाय ठरंल का?" "घाटात तेल उकळलं म्हंजे?" मला ही गाडी संध्याकाळी रंकाळ्यापर्यंत न्यायची आहे आणि भेळ खाऊन परत आणायची आहे, हे मी सर्वांना स्वतंत्रपणे सांगितलं. सर्वांनी मान डोलावली आणि विचारलं, "पण समजा घाट लागला तर?"

तेलावर विश्वास नसलेले काका तसे एकटे नाहीत. क्रायस्लरनं १९२४ मध्येच चारही चाकांना तेलाचे ब्रेक दिले होते, तरी हेन्री फोर्ड १९३९च्या मॉडेलपर्यंत लोखंडी सळयांनाच धरून बसला. आणि लॉकहीडच्या सुरुवातीच्या तेलाच्या ब्रेकमध्ये वॉशर चामड्याचे असत, ते गळत. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबर आणलं. ही माहिती मी गॅरेजमध्ये मोठ्या उत्साहानं दिली. वस्ताद एवढंच म्हणाला, "चामडं गळत हुतं? चप्पल लाइनला आणून दावायचं हुतं त्येनं."

एवढ्यात पुण्याहून मेव्हणा आला.

मेव्हणा इंजिनिअर आहे आणि ते त्याला एकट्याला सोसत नाही. गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं जाहीर केलं की कप्पे वगैरे गौण, खरा प्रश्न बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा. मग खडू मागून त्यानं गॅरेजच्या शटरवर पास्कल मांडला. पायाचा जोर ३० किलो. पॅडलनं तो सहापट केला, १८० किलो. बोअर एक इंची असेल तर दर चौरस सेंटिमीटरला दाब साधारण ३५ किलो. पाऊण इंची असेल तर ६३. "बोअर पाव इंच कमी, दाब पावणेदोन पट," त्यानं खाली दोन रेघा ओढल्या.

शेजारच्या लेथवरचा टर्नर हात पुसत आला होता. तो म्हणाला, "मग अर्धा इंची करू की. अजून लागंल."

"तसं नाही. बोअर छोटा केला की तेल थोडंच पुढे सरकतं. पॅडल पार तळाला टेकेल आणि चाकाला पत्ताच नसेल."

"मग मोठा करा."

"मोठा केला तर पॅडल दगडासारखं कडक होईल."

"मग करायचं काय नेमकं?"

"ऑप्टिमम."

टर्नरनं कानामागची पेन्सिल काढली. "किती सूत त्ये सांगा."

उद्यमनगरात अजूनही पुष्कळ जण इंचाचे आठ सूत करतात, आणि माणसाला आठ पर्याय दिले की तो गट पाडतो. मेव्हणा सहा सुतांचा. वस्ताद आठ सुतांचा, कारण मूळ सिलिंडर त्या मापाचा होता आणि त्याची आतली वाटी त्याच्याकडे पडून होती. टर्नर सात सुतांचा, कारण त्याच्याकडे तेवढंच रीमर होतं. मी समेट घडवायला बाजारात मिळणारं मधलं माप सुचवलं, एक इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले पंधरा. म्हणजे साडेसात सूत. टपरीवरून काका ओरडले, "साडेसातचं नाव काढू नका. आत्ताच उतरलीय माझी."

अखेर निकाल बोलेरोच्या डिस्कनी लावला. कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना तेल जास्त लागतं, म्हणून आठ सूतच घ्यावा लागला. वस्ताद जिंकला, पण कारण मेव्हण्याचं असल्यानं मेव्हणाही जिंकला. आठ सूत म्हणजे पॅडल जड, जड म्हणजे पायाला जोड देणारा बूस्टर. बूस्टरला लागते निर्वात पोकळी. ती पेट्रोल इंजिन श्वास घेता घेता फुकट देतं. डिझेल देत नाही. त्यासाठी पाठीवर व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो. अशा रीतीनं ब्रेक नीट लागावा म्हणून मी बॅटरी चार्ज करणारं यंत्र बदललं. घरी हे समजावून सांगितल्यावर बायकोनं शांतपणे विचारलं, "आणि वायपर बिघडला तर काय, टायर बदलायचे?"

पॅडलचं काय सांगू! पॅडल म्हणजे पाय ठेवायची जागा, अशी माझी समजूत होती. त्याचे दोन धर्म आहेत: जमिनीतून उगवणारी आणि वरून लोंबणारी. लोंबणारी आधुनिक, सिलिंडर बॉनेटखाली येतो, तेल उभ्यानं घालता येतं. आम्ही एका भंगारातलं लोंबतं पॅडल आणून समोरच्या पत्र्याला बोल्ट केलं. दाबून पाहिलं तर पॅडल जागच्या जागी आणि अख्खा पत्रा इंजिनाच्या दिशेनं गेला.

"काहीतरी हाललं का न्हाई?" वस्ताद म्हणाला.

मागून जाड प्लेट मारून पत्रा घट्ट केला. मग बूस्टरचा डबा बसेना. तिथे जीपचं इंजिन आधीच कोपर काढून बसलेलं. परत जमिनीखाली. तिथे सायलेन्सरचा पाइप शेजारी, तेल तापणार, म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा. शिवाय सिलिंडर कॅलिपरच्या खालच्या पातळीला आला की तेल हळूहळू मागे उतरतं. ते उतरू नये म्हणून दोन पौंड दाब धरून ठेवणारी छोटी व्हॉल्व्ह लागते. ड्रमच्या लाइनला दहा पौंडांची. दहाची व्हॉल्व्ह दुकानात नव्हती. दुकानदार म्हणाला, "दोनच्या पाच न्या की."

मग पॅडलचं तोंड केवढं ठेवायचं ते आलं. जुन्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा क्लच आणि ब्रेक यांच्या मधून खाली जातो, त्यामुळे जागा आधीच चिमूटभर. मेव्हण्यानं बूट घालून माप दिलं. वस्ताद म्हणाला, बुटावर जाऊ नका, पायताणावर घ्या; आणि त्यानं आपलं कापशी पायताण त्या जागेत उतरवलं. ते इतकं ऐसपैस होतं की क्लच आणि ब्रेक एकदम दाबले गेले. "बघा, एका पायात दोन्ही कामं," तो म्हणाला. काकांनी अनवाणी पायाचा आग्रह धरला, कारण पायाला गाडी कळली पाहिजे. गाडी मी चालवणार आहे, असं मी हळूच सांगून पाहिलं. तेव्हा सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. माझा बूट सहा नंबरचा आहे हे त्या दुपारी निम्म्या उद्यमनगराला कळलं. टर्नर म्हणाला, "तेवढ्याला पॅडल कशाला, बटण पुरंल."

तेलाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात डोकं घातलं की बाहेर काढता येत नाही. ब्रेकच्या तेलाला आकडे असतात. तीन, चार आणि पाच पूर्णांक एक ही एका कुळातली. एकमेकांत मिसळली तरी चालतं. पाच सिलिकॉनचं, ते यांतल्या कुणातही मिसळायचं नाही. म्हणजे चारच्या तेलात पाच चालत नाही, पण पाच पूर्णांक एक चालतं. हे दुकानदाराला पटवण्यात माझं वक्तृत्व खर्ची पडलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: "आकडा मोठा त्ये भारी." मी चारचं घेतलं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि रंग खातं. सिलिंडर बसवण्याआधी टेबलावर त्यातली हवा काढायची असते. मी झाकण न लावता दांडा जोरात दाबला आणि तेलाची बारीक चिळकांडी शेजारी वाळत ठेवलेल्या नव्या मोरपंखी मडगार्डवर गेली. रात्रीत तिथला रंग फुगून उठला. पेंटर सकाळी येऊन म्हणाला, "हे कुणी केलंय ओ?"

यानंतर चाकांची हवा काढणे. सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. मेव्हण्याच्या अमेरिकन पुस्तकात मागचं उजवं होतं, कारण तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे मागचं डावं. यावर तासभर गेला. या कामाला दोन माणसं लागतात: एक पॅडलवर, एक गाडीखाली निपलला पाना लावून. वस्तादचा पोऱ्या रजेवर होता, म्हणून बायको पॅडलवर बसली.

"दाब."

"दाबलं."

"आता धर."

"काय धरू? स्टिअरिंग?"

"पॅडल धरून ठेव!"

"पायानं धरायचं कसं ते दाखव आधी."

मी खालून ओरडलो, "सोडू नकोस!" त्याच क्षणी शेजारी लेथ सुरू झाला आणि तिच्यापर्यंत फक्त पहिली दोन अक्षरं पोचली. निपल उघडा होता. जेवढी हवा निघाली होती तेवढी सुखरूप परत आत गेली. मग तिनं तोडगा काढला: बोलायचंच नाही. एक शिट्टी म्हणजे दाब, दोन शिट्ट्या म्हणजे सोड. पद्धत उत्तम होती. पहिली तिन्ही चाकं बिनबोभाट झाली. बारा वाजता शेजारच्या खानावळीचा कुकर लागला.

तरीही एकदाचं पॅडलला प्रेशर आलं. गॅरेजमागच्या बोळात चाचणी ठरली. मी चालवायला, शेजारी मेव्हणा, मागे हौद्यात देखरेखीला काका, खुर्चीसकट. माणूस चालतो त्या वेगानं निघालो आणि मी सहा नंबरचा पाय नुसता टेकवला. गाडी जागच्या जागी थांबली. खुर्ची थांबली नाही. काका केबिनच्या मागच्या काचेला येऊन भेटले आणि तिथूनच म्हणाले, "लागतोय चांगला."

मेव्हण्यानं पुस्तक उघडलं. नुसत्या पायाच्या ब्रेकला पॅडलनं जोर सहापट करायचा. बूस्टर असेल तर चारपट पुरे. आम्ही दोन्ही दिले होते. शिवाय मागची चाकं आधी जाम होऊन घासत होती, कारण मोकळ्या पिकअपचं ढुंगण हलकं. त्याला मागचा दाब कमी करणारी व्हॉल्व्ह हवी, असं मेव्हणा म्हणाला. काकांचा इलाज स्वस्त होता: "मागं टनभर ऊस भरा. गाडी कशी बसती बघा." दर वेळी रंकाळ्यावर टनभर ऊस घेऊन भेळ खायला जायचं, हे चित्र मला पटेना. वस्तादला मात्र ते अगदीच अशक्य वाटलं नाही.

शेवटी व्हॉल्व्ह बसली. वस्तादनं पॅडलच्या दांड्याला जरा खाली दुसरं भोक पाडून सहाचं चार केलं आणि दांडा घट्ट आवळून दिला. दुसऱ्या दिवशी इंजिन बंद ठेवून गाडी बाहेर ढकलायची होती. ढकलली, हलेना. टर्नर आला, खानावळीतले दोघं आले, शौकीन गृहस्थ बाजूला उभे राहून "मूळ गाडी हलायची" म्हणाले. पॅडलला जराही ढील नसल्यानं तेल परत जायची वाट बंद झाली होती आणि पुढच्या दोन्ही डिस्क गच्च धरून बसल्या होत्या. वस्ताद घाम पुसत म्हणाला, "म्हटलं न्हवतं का, ब्रेक लागणार म्हंजे लागणार?" मग दांड्याला ढील किती द्यायची यावर नेहमीचे गट पडले. तेवढ्यात बायकोनं खाली वाकून नट दोन आटे सैल केला.

गाडी सुटली. थांबव म्हटलं की थांबली, सोड म्हटलं की सुटली. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपला सल्ला मानला गेल्याचं समाधान होतं. चहा मागवला गेला. आम्ही सगळे टपरीशी उभे राहून कौतुकानं गाडीकडे बघत असताना ती आपणहून हळूहळू उताराला लागली. टपरीवरच्या पोरानं चाकाखाली वीट सरकवली म्हणून समोसे वाचले.

"हँडब्रेक?" मी विचारलं.

हँडब्रेक मुळात गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवरच्या ड्रमला होता. जीपचं इंजिन बसवताना तो ड्रम कुणीतरी काढून ठेवला, आणि तो आता गॅरेजच्या दाराला टेकण म्हणून आहे. मेव्हण्यानं खिसे चाचपून खडू काढला. टर्नर पेन्सिल शोधू लागला. काकांनी खुर्ची पुढे ओढली. एसटीच्या पहिल्या गाड्यांना हँडब्रेक कसा असायचा इथपासून त्यांना सुरुवात करायची होती.